दम्याशी झुंजलेला सुधारक : गोपाळ गणेश आगरकर

१७ जून १८९५ रोजी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर यांचे निधन झाले. एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायला अवघा महिना उरला होता. महाराष्ट्राने त्यांना बुद्धिवादाचा पुरस्कर्ता, ‘केसरी’चा पहिला संपादक आणि ‘सुधारक’चा जनक म्हणून ध्यानात ठेवले. टिळकांशी असलेली त्यांची मैत्री आणि पुढे झालेला दुरावा यांवर तर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. मात्र ज्या आजाराने त्यांचे आयुष्य अर्ध्यावर तोडले, त्या दम्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत बहुधा एखाद्या वाक्यापुरता येतो. वस्तुतः आगरकरांनी जे काही केले, ते एका बाजूने समाजाचा विरोध आणि दुसऱ्या बाजूने स्वतःचाच अपुरा पडणारा श्वास, अशा दुहेरी कोंडीत केले. ही कोंडी समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कर्तृत्वाचे खरे मोल कळत नाही.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या कृष्णाकाठच्या खेड्यात झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. शिक्षणासाठी ते कराडला आजोळी राहिले, पण तेथील शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. पोटासाठी त्यांनी मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, काही काळ दवाखान्यात कंपाउंडरचेही काम केले. शिकण्याची सोय होईल या आशेने ते सह्याद्री ओलांडून पायी रत्नागिरीला गेले. तेथे निभाव लागेना, तेव्हा तसेच परत आले. अखेर नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी अकोला गाठले. तेथे विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुणग्राही शिक्षक लाभला. ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लेखन करून थोडीफार मिळकत होऊ लागली आणि १८७५ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील दिवसही ओढगस्तीतच गेले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालायचा, हा त्यांचा क्रम पुढे दंतकथेसारखा सांगितला जाऊ लागला. परीक्षेच्या फीसाठी नाटक लिहून एखाद्या मंडळीला विकण्याचा विचार त्यांनी केला होता. ते कळल्यावर प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी पैशांची सोय केली, असे सांगतात. याच कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली. टेकडीवर फिरताना दोघांनी सरकारी नोकरी न करण्याचा आणि लोकशिक्षणाला आयुष्य वाहून घेण्याचा निश्चय केला. मुलगा एम.ए. झाला म्हणजे दैन्य फिटेल, अशी आस धरून बसलेल्या आईला आगरकरांनी पत्राने कळवले, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा तिने ठेवू नये; पोटापुरत्या पैशावर समाधान मानून आपण सारा वेळ लोकांसाठी खर्च करणार आहोत.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांच्या साथीने १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए.ची परीक्षा आटोपून आगरकरही त्यात सामील झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला आणि त्याच्या संपादकपदाची जबाबदारी आगरकरांकडे आली. दिवसा वर्गात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात अग्रलेख लिहायचे, असा दिनक्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरण उद्भवले. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबाबत प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरून दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. कोंदट कोठडी, ढेकणांचा उपद्रव आणि निकृष्ट अन्न यांमुळे दोघांचीही वजने घटली. पण त्याच कोठडीत आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर हाती घेतले, ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तुरुंगातील अनुभवांवरचे त्यांचे छोटेखानी पुस्तकही वाचकांनी उचलून धरले.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेजची स्थापना झाली. संस्था वाढत होती, तसा मित्रांमधील मतभेदही वाढत होता. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा वाद मिटणारा नव्हता. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि वर्षभराने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, ‘सुधारक’ सुरू केला. इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण, अस्पृश्यता, पोशाख, सोवळेओवळे अशा प्रत्येक विषयावर आगरकरांनी बुद्धीच्या कसोटीवर न टिकणाऱ्या रूढींवर कोरडे ओढले. संमतीवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. त्यामुळे चिडलेल्या सनातन्यांनी त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. आगरकरांनी तोही निमूटपणे सोसला आणि लेखणी खाली ठेवली नाही.

या साऱ्या काळात दमा त्यांच्या सोबतीला होता. दम्याच्या रोग्याची अवस्था बाहेरून पाहणाऱ्याला पुरती कळत नाही. श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज येते, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि चिकट कफाने उरलीसुरली वाटही बुजते. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकताना अधिक कष्ट पडतात. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. उत्तररात्री किंवा पहाटे झटका आला, की आडवे पडणे अशक्य होते. उशीला टेकून किंवा पुढे वाकून बसल्या बसल्या उजाडण्याची वाट पाहावी लागते. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वासाच्या वर्णनात, निजल्यावर त्रास वाढतो आणि बसल्यावर आराम पडतो, हे लक्षण अचूक टिपले आहे.

शिक्षक आणि संपादक अशा दोन्ही भूमिका बजावणाऱ्या माणसाला हा रोग किती महागात पडतो, याची कल्पना करता येईल. वर्गात तासभर बोलायचे म्हणजे श्वासाचीच गुंतवणूक. रात्री जागून लिहायचे, तर झोपेची भर पडायला हवी. आणि दमा नेमकी झोपच हिरावून घेतो. आगरकरांच्या लेखनात मात्र या दुखण्याची कुरकुर उमटत नाही. त्यांची वाक्ये लांब, एकात एक गुंफलेली आणि तरीही आवेशयुक्त आहेत. ती ज्याच्या लेखणीतून उतरली, तो माणूस चार पायऱ्या चढताना धापा टाकत असेल, असे वाचकाच्या मनातही येत नाही.

त्या काळच्या वैद्यकाकडे या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. फ्रान्समध्ये रने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला होता, त्यामुळे छातीतील आवाज ऐकता येत होता. इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये फुप्फुसांची क्षमता मोजणारे स्पायरोमीटर तयार केले होते. रोग ऐकता येत होता, मोजताही येत होता. आवळलेली नळी उघडता मात्र येत नव्हती. उपचारांत धोतऱ्याच्या पानांचा धूर हा मुख्य. हा उपाय भारतातलाच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो मद्रास इलाख्यातून इंग्लंडला गेला आणि पुढे धोतऱ्याच्या सिगारेटी होऊन जगभर विकला गेला. त्याशिवाय कडक कॉफी, सोऱ्यात भिजवलेल्या कागदाचा धूर, पोटॅशियम आयोडाइड असे उपाय होते. काही डॉक्टर तर तंबाखू ओढण्याचाही सल्ला देत. दम्याचा झटका सहसा जीव घेत नाही, अशीच वैद्यकाची समजूत होती. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विख्यात पाठ्यपुस्तकातही हाच सूर होता.

त्याच १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले आणि फर्ग्युसन कॉलेजची धुरा आगरकरांच्या खांद्यावर आली. अध्यापन, कॉलेजचा कारभार आणि ‘सुधारक’ असा तिहेरी भार त्यांनी तीन वर्षे वाहिला. प्रकृती ढासळत गेली. अखेरच्या आजारात टिळक त्यांना भेटून गेले आणि जुन्या मित्रांमधील कडवटपणा त्या भेटीत निवळला, असे सांगितले जाते. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कुणावर पडू नये, म्हणून आगरकरांनी त्यापुरते पैसे पुडीत बांधून बाजूला ठेवले होते. मृत्यूनंतर ती पुडी सापडली, तेव्हा त्यांच्या विरोधकांनाही गहिवरून आले. ‘केसरी’तील मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरेनात, ही आठवणही पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली.

आगरकरांच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांनी, १९०१ मध्ये, ॲड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि लवकरच दम्याच्या तीव्र झटक्यात ते टोचले जाऊ लागले. १९२० च्या दशकात एफेड्रिन आले. १९५६ मध्ये मोजक्या मात्रेत औषध फवारणारा पंप बाजारात आला. १९६९ मध्ये साल्ब्युटॅमॉल आणि १९७२ मध्ये श्वासातून घेण्याचे स्टेरॉइड उपलब्ध झाले. आज दम्याचा रोगी नियमित औषध घेऊन शाळेत शिकवतो, डोंगर चढतो, म्हातारा होतो. विशेष म्हणजे धोतऱ्यातील ॲट्रोपिन या द्रव्याच्याच वंशातील इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही औषधे आज श्वासनलिका रुंद ठेवण्यासाठी वापरली जातात. जुन्या वैद्यांचा रोख अगदीच चुकलेला नव्हता. पण औषधाबरोबर धूरही फुप्फुसात जात होता.

आगरकरांच्या काळी धाप लागणाऱ्या प्रत्येक जुनाट दुखण्याला मराठीत दमा हेच नाव होते. आजही घरोघरी तेच वापरले जाते. डॉक्टर मात्र आता दोन रोग वेगळे ओळखतात. दमा बहुधा लहान किंवा तरुण वयात सुरू होतो, त्याचे झटके येतात आणि मधल्या काळात रोग्याला बरे वाटते. दुसरा रोग म्हणजे श्वसनमार्गाचा जुनाट अवरोध, ज्याला वैद्यकीय भाषेत सीओपीडी म्हणतात. तो बहुधा चाळिशीनंतर हळूहळू जाणवू लागतो. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातील हवेचे नाजूक फुगे फाटून एकमेकांत मिसळतात आणि एकदा गेलेली क्षमता परत येत नाही. दोन्ही रोग एकाच माणसात असू शकतात. वर्षानुवर्षे नीट उपचार न झालेला दमा हाही सीओपीडीकडे नेणारा एक रस्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ लाख लोक सीओपीडीने दगावले. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता. भारतात २०१६ मध्ये या रोगाचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर. त्यात विडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी असते, हा समज निखालस चुकीचा आहे. पण विडी-काडीला कधीही हात न लावलेल्या माणसालाही तो होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात जगभरातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असे दाखवून दिले. लाकूड, गोवऱ्या आणि पालापाचोळा जाळणाऱ्या चुलीचा धूर, खाणी, गिरण्या आणि कारखान्यांतील धूळ व रसायनांच्या वाफा, शहरांतील दूषित हवा, पूर्वी होऊन गेलेला क्षय, बालपणी वारंवार झालेले छातीचे आजार आणि जन्मतः कमी वजन ही त्याची इतर कारणे आहेत. क्वचित अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची आनुवंशिक उणीव हेही कारण असते. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइलही या धुरात भर घालते.

ही कारणे कशी एकत्र येतात, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. पालघर तालुक्यातील माकुणसार हे केळवे-सफाळे पट्ट्यातले गाव. समुद्राची हवा आणि बागायतीची हिरवाई असलेल्या या भागात श्वासाचा रोग कुठून येणार, असे शहरी पाहुण्याला वाटेल. पण अशा गावांत जेथे अजून सकाळचे पाणी आणि भाकरी चुलीवर होते, तेथे घरातली बाई रोज काही तास धुरात बसते आणि तिचे तान्हे मूल तिच्या मांडीवर असते. याच तालुक्यात उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये तिचा क्रमांक सर्वांत वरचा होता. एखाद्या घरात आई चुलीपाशी, बाप विडी ओढणारा आणि मुलगा रसायनांच्या कारखान्यात कामाला असेल, तर तिघांच्याही फुप्फुसांवर वेगवेगळ्या वाटेने एकच संकट येत असते.

रोगाची लक्षणे इतक्या हळू पावलांनी येतात, की माणूस त्यांच्याशी जुळवून घेतो. पहिले लक्षण बहुधा सकाळचा खोकला आणि बेडका. विडी ओढणारा त्याला विडीचा खोकला म्हणून सोडून देतो. मग चढ चढताना, जिना चढताना धाप लागते. माणूस जिना टाळतो, चाल मंदावतो आणि वय झाले असे म्हणतो. पुढे सपाटीवरही बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला होते. छातीत घरघर, दर पावसाळ्यात किंवा थंडीत उद्भवणारा आणि लवकर न हटणारा छातीचा आजार, थकवा ही पुढची पायरी. रोग वाढला, की आंघोळ करताना, कपडे घालताना, बोलतानाही दम लागतो, वजन उतरते, पायांवर सूज येते आणि ओठ निळसर दिसू लागतात. अखेरच्या पायरीवर आलेला रोगी डॉक्टरांकडे येतो, तेव्हा बरीचशी फुप्फुसे निकामी झालेली असतात.

वास्तविक रोग ओळखण्याची तपासणी सोपी आहे. हचिन्सन यांच्या यंत्राचेच आजचे रूप असलेल्या स्पायरोमेट्रीत रोग्याने खोल श्वास घेऊन तो जोराने, शेवटपर्यंत एका नळीत सोडायचा असतो. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे यंत्र मोजते. श्वासनलिका रुंद करणारे औषध देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिले, तर अवरोध पक्का समजतात. चाळिशी उलटलेल्या, धुराशी संबंध आलेल्या आणि खोकला किंवा धाप असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी एकदा करून घ्यायला हवी. उपचारात पहिली पायरी धूर थांबवण्याची. विडी सोडली, की फुप्फुसांची वेगाने होणारी झीज मंदावते, मग वय कितीही असो. इनहेलरची सवय लागते, ही भीती निराधार आहे. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी, श्वसनाचे व्यायाम, रोजचे चालणे आणि गरज पडल्यास घरी प्राणवायू यांमुळे रोग्याचे दिवस सुखाचे होतात.

आगरकरांनी आयुष्यभर एका गोष्टीचा ध्यास घेतला. जे घडते त्याला कारण असते आणि ते कारण बुद्धीने शोधता येते, हे त्यांना समाजाला पटवून द्यायचे होते. दैवावर भार टाकून स्वस्थ बसणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या स्वतःच्या रोगापुढे मात्र त्या काळचे विज्ञान अपुरे पडले. त्यात ना त्यांचा दोष होता, ना त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचा. आज परिस्थिती उलट आहे. कारणे माहीत आहेत, तपासणी आहे, औषधे आहेत. तरीही धाप लागणारी आई वयामुळे होते म्हणून गप्प राहते आणि बाप विडीचा खोकला म्हणून हसण्यावारी नेतो. एकोणचाळिसाव्या वर्षी गेलेल्या आगरकरांना आणखी वीस वर्षे लाभली असती, तर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला कदाचित वेगळे वळण मिळाले असते. त्या हुकलेल्या वर्षांची हळहळ वाटणाऱ्याने निदान आपल्या घरातला खोकला नीट ऐकावा. त्यांच्या स्मृतीला त्यांच्याच विचारांना शोभेल असे अभिवादन याहून दुसरे नसेल.